किरणोत्सव: विज्ञान की श्रद्धा?

काल मित्राबरोबर लई वाद झाला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाला मावळतीचे किरण नोव्हेंबरात 9, 10, 11 ला येतात आणि परत 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला येतात, पहिल्या दिवशी मूर्तीच्या पायावर, मग छातीवर, मग चेहऱ्यावर. मित्र म्हणतो हा चमत्कार, मी म्हणतो गणित. पण वर्षातनं दोनदाच का, हे काय मला सांगता आलं नाही.

रंकाळावाला: भावा, 21-22 डिसेंबरला सूर्य सगळ्यात दक्षिणेला असतो. त्याच्या साधारण 41 दिवस आधी आणि 41 दिवस नंतर तो एकाच जागी मावळतो, म्हणजे पश्चिमेपासनं दक्षिणेला 17-18 अंशावर. जाताना एकदा, येताना एकदा. आणि मावळायची जागा रोज पाव अंशाच्या आसपास सरकते, म्हणून दोनतीन दिवसांचाच खेळ.

पेठेतली: गणित कळलं म्हणून माझे हात जोडायचे थांबत नाहीत ओ. गाभाऱ्यातले दिवे बंद केल्यावर ती तांबूस तिरीप उंबऱ्यावरनं आत सरकताना बघा एकदा, सगळे गप्प होतात. ज्यांनी ही दिशा धरून दगड रचला ते भक्तही होते आणि हिशेबीपण, आपणच नंतर दोन पार्ट्या केल्या.

रंकाळावाला: पटलं ताई. पण खरा वाद महाद्वाराबाहेर, म्हणजे देवळाच्या पश्चिमेच्या दाराबाहेर आहे, वाटेतल्या उंच बांधकामांनी किरण अडतात. हे ना विज्ञान ना श्रद्धा, सरळ राजकारण. मतं बघून अतिक्रमण काढायचं टाळायचं आणि किरण चेहऱ्यापर्यंत पोचले नाहीत की ढगाला दोष द्यायचा, हे बरोबर नाही.