लो पासवर सरसकट बंदी घालावी का? फिनिशचे नियम लिहायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

क्लबच्या ग्लायडर (बिनइंजिनाच्या विमानांच्या) स्पर्धेचे स्थानिक नियम लिहायचं काम यंदा माझ्या गळ्यात पडलंय. बाकीचं उरकलं, फिनिशपाशी, म्हणजे शर्यत कुठे आणि कशी संपली धरायची यापाशी, गाडी अडली आहे. जुन्या वैमानिकांना मैदानावरची फिनिश लाइनच हवी: सुसाट खाली यायचं, रेषा ओलांडली की नाक वर खेचायचं आणि सर्किट करून, म्हणजे मैदानाला फेरी मारून, उतरायचं. हाच तो लो पास. दुसरा गट म्हणतो, मैदानाभोवती रिंग आखा, तिच्या कडेवर किमान उंची ठरवा आणि त्याखाली येणाऱ्याचे गुण कापा.

मला पासपेक्षा पासनंतरची धास्ती जास्त वाटते. ताशी 250 किमीने आलेला ग्लायडर वर खेचून वेग 100 वर आणला, तर हवेचा विरोध सोडून सुमारे 200 मीटर उंची मिळते. तेवढ्यात सर्किट होतं. पण धापा टाकत 150 ने आलेल्याला जेमतेम 50 मीटर मिळतात, आणि पुढच्याने खेचलं म्हणून तोही खेचतो. मग कमी वेग, कमी उंची आणि वळण. स्टॉल-स्पिनला, म्हणजे पंखांची उचल जाऊन गिरक्या घेत कोसळायला, आणखी काय लागतं?

बरं, पाससाठी किमान वेग ठरवावा म्हटलं, तर 250 म्हणजे कित्येक ग्लायडरची कमाल वेगमर्यादाच. दुपारच्या खवळलेल्या हवेत लोकांना तिकडे ढकलणारा नियम माझ्या हातून लिहिला जाणार नाही.

खाली उभ्या असलेल्यांचं काय, हाही प्रश्न आहेच. इंग्लंडमध्ये हजबंड्स बॉसवर्थला 2005 साली स्पर्धेत फिनिशला आलेल्या ग्लायडरची धडक बसून एक छायाचित्रकार गेला.

कायद्याचंही एक कोडं आहे. युरोपच्या सेरा नियमांत (तिथले हवाई उड्डाणाचे सामाईक नियम) परवानगी नसेल तर 150 मीटरखाली उडता येत नाही, टेकऑफ आणि उतरणं तेवढं वगळलंय. रेषा ओलांडून पुन्हा वर जाणारा ‘उतरतोय’ असं म्हणायचं का? तुमच्याकडे हे कसं लिहिलंय?

थर्मलवेडा: रिंगच घ्या, पण उंची अंदाजाने टाकू नका. त्रिज्या 3 किमी आणि ग्लाइड 40 (1 मीटर उंचीत 40 मीटर पुढे) धरला तर कडेपासून मैदानापर्यंत 75 मीटर जातात. सर्किट 200 मीटरवर सुरू करायचं तर कडेवर 275 हवेत, वाटेत सिंक, म्हणजे खाली जाणारी हवा, लागेल म्हणून 300 ठेवा. कायद्याचं म्हणाल तर पळवाट शोधत बसू नका. जिथे सूट आहे ती उतरण्यासाठी आहे, मिरवण्यासाठी नाही. स्थानिक नियम लिहून देशाचा कायदा शिथिल होत नसतो.

शेपूटचाक: रिंगचं एवढं कौतुक नको. मी रिंगच्या कडेवर माणसं पाहिली आहेत: डोळे उंचीमापकावर, काठी (कंट्रोल स्टिक) पोटाशी, 20 मीटर मिळवायला वेग घालवतात. तेही चहूबाजूंनी ग्लायडर येत असताना! बाहेर बघायला कोणाला सवड असते? लाइन ठेवा, पण ती प्रेक्षक, ट्रेलर आणि उभ्या ग्लायडरपासून लांब ठेवा. आणि उंची नसलेल्याने रेषा ओलांडून सरळ उतरावं, त्याचे गुण जाऊ नयेत.

थर्मलवेडा: कडेवरची ती ओढाताण शिक्षेच्या आकड्याने येते. एक मीटर कमी पडला म्हणून 50 गुण कापलेत तर माणूस काठी ओढणारच. मीटरमागे थोडे थोडे कापा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. 300 मीटरची रिंग, मीटरमागे कपात आणि सरळ उतरणाऱ्याला वेगळी शिक्षा नाही, असा मसुदा करतोय. रिंगमध्ये शिरल्यावर मैदानावर लो पास केला तर त्या दिवसाचे गुण शून्य, हेही घालतोय. आता एकच अडलंय: लॉगरची (उड्डाण नोंदवणाऱ्या यंत्राची) उंची हवेच्या दाबावरून येते आणि दुपारभरात दाब बदलतो. संध्याकाळी फिनिश होताना नवा क्यूएनएच (उंचीमापक जुळवायचा समुद्रसपाटीचा दाब) रेडिओवर सांगता की सकाळचाच धरता? आणि गुण मोजताना नेमका कोणता वापरता?