रायबंदरच्या जुन्या पुलाला सिमेंट फासू नका

रायबंदरकर: काल इथे एकाने लिहिलं, "पणजी-रायबंदर पूल म्हातारा झाला. कमानी बुजवा, काँक्रीट ओता, रुंद करा." वाचून डोकं फिरलं. हा पूल म्हणजे पोंते द लिन्यारीस, 1633-34 चा. जांभ्या चिऱ्यांचा, तीन किलोमीटरांहून लांब, दलदलीत उभा. चिरा पाणी पितो. ती ओल चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, खारं पाणी सुकून मीठ फुगतं आणि चिऱ्याचा चेहराच सुटून येतो. आमच्या विहिरीच्या कठड्याला सिमेंट लावलं, चार पावसाळ्यांत चिरे हाताने कुस्करता यायला लागले.

सिव्हिलवाला: ती पोस्ट माझी. विहिरीवरून पूल ठरवू नका. भरतीच्या पाण्यात नुसता चुना धरतो का? मी रोज स्कूटरने तिथून जातो, समोरून बस आली की जीव मुठीत.

रायबंदरकर: नुसता चुना कोण म्हणालं? सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घातलेला चुना पाण्यातही धरतो. आणि अवजड गाड्यांना कदंब पठाराचा रस्ता आहे ना!

बार्देसकर: काँक्रीटचं कौतुक आम्हाला सांगू नका. मांडवीवरचा तेव्हाचा नवा काँक्रीटचा पूल 1970 चा, 5 जुलै 1986 ला कोसळला. बाबा बेतीच्या फेरीबोटीच्या रांगेत तासन्‌तास भिजायचे.

सिव्हिलवाला: एक पूल पडला म्हणून सगळं काँक्रीट वाईट? ही भावना झाली, अभियांत्रिकी नव्हे.

मिठागरातली: चुना-सिमेंट चालू द्या, पण "कमानी बुजवा" हे कसं लिहवलं? कमानींखालून भरती-ओहोटी खेळते म्हणून आतली मिठागरं होती. माझी आजी पाऊस सरला की बांद (बांध) दुरुस्त करायची, वाफ्यांतला चिखल पायांनी तुडवून घट्ट करायची, मग मीठ धरायचं. उन्हात पाय फाटायचे. आता मिठागरांत खारफुटी वाढलीय, काही जागी भराव. बांद फुटला तर बांधायला माणूस मिळत नाही, पोरांना मीठ काढायला लाज वाटते. पाणी थांबलं की खाजन, म्हणजे खाडीकाठची बांद घातलेली सखल जमीन, मेलं.

सिव्हिलवाला: ताई, विषय पुलाचा आहे.

मिठागरातली: मिठागरं पुलापासून वेगळी आहेत असं तुम्हाला वाटतं, हाच तर राग आहे!

बार्देसकर: बरोबर. आमच्या खाजनाची मानस, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारं दार, कोणी सांभाळत नाही, खारं पाणी शेतात शिरलं, तीन वर्षं भात नाही.

सिव्हिलवाला: बरं, कमानी बुजवा हे चुकलं, मागे घेतो. रुंदीकरणावर मात्र ठाम आहे. माणसं मरायला नकोत.

रायबंदरकर: माणसं मरायला नकोत हे मलाही कळतं, त्याचं प्रमाणपत्र तुमच्याकडून नको. निदान पावसाआधी सांध्यांतली पिंपळाची रोपटी काढा. वरून छाटून उपयोग नाही, मूळ राहिलं की चिरा उचलतं. आणि त्या भोकात पुन्हा सिमेंट भरू नका.