शेजारच्या गट नंबरात प्लॉटिंग सुरू झालंय, उरलेली शेती वाचवायला गाव एकत्र कसं आणायचं?

ओढ्याकाठची
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहिते, वाचा प्लीज. आमचं गाव पुण्याच्या पूर्वेला, हवेली तालुक्यात, मार्केट यार्डापासून वीसेक किलोमीटर. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर हेच पीक, पहाटे पिकअप भरली की उजाडायच्या आत माल गाळ्यावर. दिवाळीनंतर आमच्या दोन भाऊबंदांनी जमीन दिली आणि आठ दिवसांत जेसीबीने बांध सपाट, मुरमाचे रस्ते, पत्र्याचं कंपाउंड आणि वर बोर्ड. ते कंपाउंड नेमकं पाणंदीवर, म्हणजे शेतात जायच्या वाटेवर आलंय त्यामुळे ट्रॅक्टर आत जात नाही, परवा मी आणि जाऊबाई ओल्या मेथीची ओझी डोक्यावर घेऊन अर्धा किलोमीटर चाललो. ओढ्यात भराव टाकलाय तो वेगळाच. एजंट रोज येतो, "वहिनी, इसार तरी घेऊन ठेवा", म्हणजे सौद्याचे आगाऊ पैसे. आता कळतंय की नवीन विकास आराखड्यात आमचा हिरवा (शेतीचा) पट्टा पिवळा (रहिवासी) होणार. चाळीसेक खातेदार आहेत, निम्म्यांना विकायचं नाही पण मीटिंगला येतात चार जण. सुरुवात कुठून करू?

वाडीवाला
ताई, मी वसईचा, पश्चिम पट्ट्यातला. आमच्याकडे हे सगळं १९८८-८९ ला झालं. सरकारने हरित पट्ट्यातली हजारो हेक्टर जमीन बांधकामाला मोकळी केली आणि बिल्डर, टँकरवाले, गुंड सगळे एकदमच आले. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी लोकांना घेऊन हरित वसई संरक्षण समिती उभी केली. (तेच फादर २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, २०२४ च्या जुलैत गेले.) मी तेव्हा शाळेत होतो, वडिलांच्या सायकलवर पुढच्या नळीवर बसून मोर्चाला गेल्याचं आठवतं.

मला त्यातून कळलेली एक गोष्ट सांगतो. जमीन जाणार म्हटलं की माणूस आपल्या सातबाऱ्यापुरतं बघतो, पण विहीर आटली की सगळे घराबाहेर येतात. आमच्याकडे लोक पेटले ते पाण्यावरून. टँकर दिवसरात्र विहिरी उपसायचे आणि वाडीतल्या केळी, पानवेली सुकायला लागल्या, समुद्र जवळ असल्याने गोडं पाणी गेलं की खारं आत येतं हे तर म्हाताऱ्या बायकांना पण माहीत होतं. आमच्या वाडीत बावखल आहे, म्हणजे पूर्वजांनी हाताने खणलेलं तळं, पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं आणि विहिरीला येतं. काठावर चाफा, उंबर, आणि आजी भांडी घासायला बसायची तो दगड अजून तिथेच आहे. अशी कितीतरी बावखलं बुजवून त्यावर इमारती झाल्या. २०१८ च्या जुलैत वसई-नालासोपारा पाण्यात गेलं, लोकल बंद पडल्या, तेव्हा हे पाणी पूर्वी कुठे जिरायचं ते आम्हाला दिसत होतं.

सगळं वाचलं असं नाही. नालासोपारा, वसई रोड बघा, सिमेंटच आहे. पण पश्चिमेला गावात अजून वाडी आहे, फुलं अजून दादरला जातात. मुंबई महानगराचा २०१६-३६ चा प्रादेशिक आराखडा आला तेव्हा पण इथून हजारो हरकती गेल्या, चर्चच्या आवारात, देवळात टेबलं मांडून लोकांचे फॉर्म भरून घेतले. तर तुम्ही मीटिंग शेतीवर नका लावू, ओढ्यावर लावा. बायकांना आधी बोलवा.

नाना_निवृत्त
बत्तीस वर्षं महसूल आणि नगररचनेच्या फायली हाताळल्यात म्हणून कामाचं तेवढं सांगतो.

पाणंदीचं आधी करा, तो स्वतंत्र विषय आहे. मामलतदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६, कलम ५, तहसीलदाराकडे दावा लावा, वहिवाटीची वाट किंवा पाण्याचा प्रवाह अडवला तर अडथळा काढायचा हुकूम त्यांना देता येतो. सहा महिन्यांच्या आत लावायचा असतो, म्हणून उशीर नको. गाव नकाशाची नक्कल जोडा, फोटो जोडा. हा एक दावा जिंकलात ना तर मीटिंगला चाराचे चाळीस होतील.

आता आराखडा. एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६. लोक प्रारूप म्हणजे कच्चा आराखडा आल्यावर जागे होतात, पण त्याच्या आधी कलम २५ खाली विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो. तो माहिती अधिकारात मागा आणि तुमचा गट त्यात बागायत दाखवलाय का पडीक ते बघा!! मी स्वतः बघितलंय, उसाचा फड उभा आणि नकाशावर पडीक, कारण सर्व्हे करणारा रस्त्यावरूनच गेला. पडीक एकदा छापलं की ती जमीन पिवळी करायला वेळ लागत नाही. पीकपाहणी वेळेवर नोंदवा, तोच पुरावा.

प्रारूप प्रसिद्ध झाला की हरकतीची मुदत नोटिशीत असते, साधारण ३० दिवस. एका कागदावर दोनशे सह्या घेऊ नका, कारण ती बऱ्याचदा एकच हरकत धरतात. प्रत्येक खातेदाराची वेगळी, गट नंबर, विहीर, पीक, कारण लिहून, आणि शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. सुनावणीला प्रत्यक्ष जा. ग्रामसभेचा ठराव पण जोडा, त्याने आराखडा थांबत नाही पण पुढे कोर्टात गेलात तर लागतो.

शिवार_७२
मी जमीन विकलेला माणूस आहे, माझं पण ऐका. कर्ज होतं, मुलीचं शिक्षण होतं, कोथिंबिरीची जुडी दोन रुपयाला गेली त्या आठवड्यात मी इसार घेतला. तेव्हा शेती वाचवा म्हणणारं कोणी माझ्या दारात आलं नव्हतं, आणि विकल्यावर मात्र पारावर गद्दार ठरलो. तुमच्या भाऊबंदांना असं तोडू नका. हडपसरला मगरपट्ट्याच्या १२० च्या आसपास कुटुंबांनी ४०० एकरांवर जमीन एकत्र केली, विकली नाही, स्वतःच कंपनी काढून भागीदार झाले. तिथे शेती राहिली नाही हे खरं, पण मालकी राहिली. ज्यांना विकायचंच आहे त्यांना विचारा की कशाने थांबशील. बऱ्याचदा आकडा लाख-दोन लाखाचा असतो, सोसायटीच्या पीककर्जाच्या थकबाकीचा, आणि तो गावाला जमू शकतो.

पेणकर
शिवार_७२ बरोबर बोलले. आमच्याकडे पेण तालुक्यात महामुंबई सेझविरुद्ध (विशेष आर्थिक क्षेत्र) लढा झाला, शेकापचे नेते एन. डी. पाटील सर होते. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ ला सरकारने लोकांचं मत घेतलं, जमीन द्यायची का नाही. तो सेझ झाला नाही. पण त्याआधी कार्यकर्ते महिनोन्महिने घरोघर फिरले होते, जे द्यायला तयार होते त्यांच्या ओटीवर पण बसले होते. अजून एक, सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत का बघा. एजंट त्यांच्या सासरी जाऊन हक्कसोड (वाटा सोडल्याचा कागद) नाहीतर विक्रीला सही घेतो आणि भावाला रजिस्ट्री झाल्यावर कळतं. त्यांना आत्ताच फोन करा.

ओढ्याकाठची
सगळ्यांचे खूप आभार, रात्री सासऱ्यांना पूर्ण वाचून दाखवलं. नाना, कंपाउंड बांधून पाच महिने होत आलेत, म्हणजे सोमवारीच तहसीलला जाते. शिवार दादा, तुमचं वाचून गप्प झाले मी, ज्यांनी जमीन दिली त्यातले एक माझे चुलत दीर आहेत, दिवाळीपासून आमचं बोलणं नाही. आज चहाला बोलावलंय. आणि पेणकर, आमच्या गटावर दोन नणंदांची नावं निघाली, धाकटीला फोन केला तर म्हणाली मागच्या महिन्यात एक माणूस येऊन गेला, तिने सही केली नाही, "वहिनी, तुम्ही विचारायची वाट बघत होते."