किमान एन्ट्रॉपी निर्मिती: तत्त्व की जमून आलेला हिशोब? (सोलापूरच्या स्लॅबवर तपासून)

उष्मांक:
एम.एस्सी.च्या नोट्समधून एक वाक्य वर्षानुवर्षं उतरत आलंय: ‘स्थायी अवस्थेत निसर्ग एन्ट्रॉपीची निर्मिती किमान ठेवतो.’ (स्थायी म्हणजे तापमानं वेळेनुसार बदलत नाहीत अशी अवस्था; एन्ट्रॉपी म्हणजे ऊर्जा किती विखुरली याचं माप.) पुढे नोबेलविजेते रसायनशास्त्रज्ञ इल्या प्रिगॉजिन यांचं नाव असलं की कुणी तपासायला जात नाही. माझं म्हणणं, उष्णतावहनात हे तत्त्व म्हणून शिकवूच नये. आपल्या गच्चीवरच बघू.

मे महिन्यातली दुपार. पाच इंची स्लॅब, म्हणजे १२५ मिमी. वरचा पृष्ठभाग ६० अंश, खालचा ३५. केल्विनमध्ये ३३३ आणि ३०८. काँक्रीटची वाहकता (उष्णता किती सहज वाहते ती) १.५ वॅट प्रति मीटर केल्विन धरली तर फूरिएच्या नियमाने (वाहकता गुणिले तापमानाचा उतार) चौरस मीटरला ३०० वॅट खाली उतरतात. तापमान सरळ रेषेत घटतं, मधोमध ३२०.५.

आता एन्ट्रॉपीची निर्मिती किमान करा. दर घनमीटरला ती असते वाहकता गुणिले (तापमानाचा उतार भागिले तापमान) याचा वर्ग. ती सगळ्या स्लॅबभर किमान व्हायची तर तापमानाचा लॉग सरळ रेषेत यावा लागतो. म्हणजे मधोमध भूमितीमध्य, ३२०.२६. स्लॅब कुणाचं ऐकतो? फूरिएचं.

जुनी_मिल:
काय मालक, पाव अंशावरून तत्त्व मोडीत काढताय? एकूण निर्मितीही काढा की. सरळ रेषेची ०.०७३१ वॅट प्रति चौ.मी. केल्विन, आणि तुमची किमान त्याहून जेमतेम ०.०५ टक्क्याने कमी. जवळजवळ किमानच झाली ना?

शिवाय अट तुम्ही गाळलीत. रसायनशास्त्रज्ञ लार्स ऑन्सागर यांच्या १९३१ च्या मांडणीत उष्णतेला ढकलणारं बल म्हणजे एक भागिले तापमान याचा उतार, आणि बलाला उष्णतेच्या प्रवाहाशी जोडणारा गुणांक म्हणजे वाहकता गुणिले तापमानाचा वर्ग. हा गुणांक स्थिर असेल तर प्रमेय तंतोतंत खरं ठरतं. समतोलाजवळ, म्हणजे तापमानातला फरक लहान असताना, तो स्थिर धरता येतो. प्रिगॉजिन यांचा दावा तेवढाच होता.

उष्मांक:
अट मान्य. पण ती पाळायची तर वाहकता तापमानाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलायला हवी. ३०८ आणि ३३३ मध्ये ती १७ टक्के हलेल. काँक्रीट एवढ्या टप्प्यात असं वागत नाही.

आणि फरक पाव अंशाचा दिसतो तो केवळ २५ अंशांची तफावत ३०० च्या मानाने लहान म्हणून. भट्टीची भिंत घ्या, आत १२०० केल्विन, बाहेर ३००, वाहकता स्थिर. सरळ रेषेने मध्य ७५०, ‘किमान’वाल्यांचा ६००. दीडशे अंश चूक! खरी निर्मिती किमानपेक्षा १७ टक्के जास्त निघते. जिथे सगळीच सूत्रं जुळतात तिथे जुळणं ही परीक्षा नाही.

ओमचा_भाऊ:
रोधांवर बघा, लवकर पटेल. ६ आणि ३ ओहम समांतर, एकूण प्रवाह ३ अँपिअर. विजेच्या मंडलाच्या किर्चहॉफ नियमांनुसार १ आणि २ अँपिअर, उष्णता ६ + १२ = १८ वॅट. दीड-दीड वाटलात तर २०.२५. म्हणजे किमानचा नियम चालला. पण चालला तो दोन्ही रोध एकाच तापमानाला आहेत म्हणून. एक ३०० केल्विनला आणि दुसरा ६०० ला ठेवा (ओहम तेवढेच राहतील अशा धातूचे घ्या). एन्ट्रॉपीची निर्मिती म्हणजे उष्णता भागिले तापमान; ती किमान करायची तर गरम रोधातून आधीपेक्षा जास्त प्रवाह वळवावा लागेल. किर्चहॉफला तापमानाशी देणंघेणं नाही, वाटणी १ आणि २ चीच राहते.

ज्वारी:
तुम्ही दोघे स्थायी अवस्थेवर भांडताय, पण सोलापूरची स्लॅब स्थायी असते कधी? काँक्रीटची विसरणशीलता (तापमानातला बदल आत किती वेगाने पसरतो ती) सेकंदाला सुमारे ०.७ चौ. मिमी. जाडीचा वर्ग भागिले ती, म्हणजे साधारण सहा तास. तेवढ्यात ऊन कलतं. दिवसरात्रीच्या २४ तासांच्या तापमान-चढउताराची लाट काँक्रीटमध्ये १४ सेंमीवर एक-तृतीयांशाच्या जरा वर उरते. स्लॅब त्याहूनही पातळ. म्हणूनच दुपारचं ऊन रात्री आठ-नऊला छतातून अंगावर येतं. जुन्या धाब्याचं मातीचं छत ४५ सेंमी जाड धरलं, तर लाट आत पोचेपर्यंत एक-दोन टक्केच शिल्लक. (ही अनंत जाडीची सूत्रं आहेत, पातळ स्लॅबला खालच्या हवेचा हिशोबही लागतो.)

आणि एन्ट्रॉपीच मोजायची तर ऊन शोषलं जातं तिथे मोजा. सूर्यप्रकाश ५८०० केल्विनचा, स्लॅब ३३३ ची. ६०० वॅट शोषले तर निर्मिती ढोबळमानाने १.६६, तुमच्या स्लॅबच्या आतल्या ०.०७३ च्या वीसपटींहून जास्त. चुना मारला की हीच कमी होते. मात्र गच्ची झाडून, ओली करून दोन हात मारा. धुळीवर मारलेला पापुद्रे धरतो, आणि वर धूळ बसली की परावर्तन कमी होतं.

जुनी_मिल:
चुन्याचं मान्य. पण प्रिगॉजिन यांच्याकडे बदलत्या अवस्थेसाठीही काही आहे. ग्लान्सडॉर्फ-प्रिगॉजिन निकष, १९५४: सीमेवरची तापमानं स्थिर असतील तर बलांच्या बदलामुळे होणारा निर्मितीतला बदल कधीच धन नसतो. त्याला ऑन्सागरचा स्थिर गुणांक लागत नाही.

उष्मांक:
लागत नाही, खरंय. पण तो बदल कुठल्याच एका राशीचा पूर्ण अवकल नाही, म्हणजे कुठलीही एक राशी घटत जाते असं त्यावरून म्हणता येत नाही. त्यामुळे स्लॅब ज्याच्या तळाशी जाऊन बसेल असं खोरं त्यातून हाती लागत नाही. आणि सीमा स्थिर? दुपारी बारा ते चारमध्ये गच्चीवर अनवाणी उभं राहून सांगा.