हिडकल डॅमचं पाणी ओसरलं की काठची जमीन पेरतोय, हक्क लागतो काय?

नमस्कार मंडळी. कर्नाटकातल्या हुक्केरी तालुक्यातली आमच्या आजोबांची जमीन हिडकल डॅममध्ये गेली, पैसे तेव्हाच मिळालेत. पण आमची पट्टी अगदी काठाला, हुन्नूरच्या विठोबाचं देऊळ पाण्यातनं वर यायच्या कितीतरी आधी ती उघडी पडते, गाळ बसलेला असतोय, मग मका नाहीतर भुईमूग करतो. वडिलांपास्नं धरून 30 वर्षं उलटली. यंदा नोटीस आली, जागा मोकळी करा म्हणून. गावात सांगतात 30 वर्षं कसली की सरकारी जमीन पण आपली होते. खरं काय ओ? वडिलांना झोप नाही.

कोर्टकट्टा:
दादा, 1894 च्या कायद्यानं संपादन होऊन ताबा गेला की मालकी पूर्ण सरकारची, कलम 16. मुदतीच्या कायद्यात सरकारविरुद्ध 30 वर्षं हाय हे खरं, पण ताबा सलग पाहिजे. तुमची जमीन दर पावसाळ्यात बुडते आणि तिथंच गाडं अडतं. 1902 सालीच प्रिव्ही कौन्सिलनं (इंग्रजांच्या काळातलं सगळ्यात वरचं कोर्ट) नदीकाठच्या जमिनीच्या केसमध्ये सांगितलंय, पूर आला की कब्जेदाराचा ताबा संपला, जमीन मूळ मालकाकडं गेली असं धरायचं. म्हणजे तुमचं मीटर दरसाली शून्यावर. त्यात 'सरकारनंच कसू दिली' असं म्हणालात तर विरोधी ताबा (म्हणजे मालकाच्या परवानगीशिवाय धरलेला कब्जा) राहतच नाही.

काठचा शेतकरी:
पलीकडं महाराष्ट्रात गाळपेर जमीन (धरणाचं पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी) सालभराच्या भाड्यानं देतात, धरणग्रस्तांना आधी. तो नियम हिकडं लागत नाही, तरी धरणाच्या इंजिनिअरकडं लेखी अर्ज घाला, पोच घ्या. आमची पण जमीन त्याच पाण्यात हाय, म्हणून जीव तुटतो.

कोर्टकट्टा:
आणि एक बघा, डॅम पूर्ण भरल्यावरची पाण्याची पातळी 2175 फूट. सर्व्हे नंबरातलं नेमकं किती क्षेत्र अवॉर्डमध्ये (भूसंपादनाच्या निवाड्यात) घेतलं ते तपासा, त्या पातळीच्या वरचा एखादा तुकडा संपादनात नसला तर तो तुमचाच. नोटिशीला उत्तर मात्र मुदतीत द्या, कर्नाटक महसूल कायद्याच्या कलम 94 खाली दंड बसतो, उभं पीक पण जाऊ शकतं.

प्रश्न विचारणारा:
उतारा सगळा सरकारच्या नावावर दिसतोय. अवॉर्डची नक्कल कुठं मिळंल?

काठचा शेतकरी:
भूसंपादन ऑफिसात आरटीआय टाका, सर्व्हे नंबर आणि आजोबांचं पूर्ण नाव लिहून. जॉइंट सर्व्हेचा (संपादनाच्या वेळच्या संयुक्त मोजणीचा) नकाशा पण त्याच अर्जात मागा.