एअर रायफलच्या जुन्या पेलेटवरचं चिकट तेल काढून नवं कसं लावायचं?

विश्रामबागकर:
नमस्कार मंडळी, सांगलीचा आहे. स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये कांस्य जिंकल्यापासून आमच्या कन्येनं नेमबाजीचं जे डोक्यात घेतलंय ते काही निघत नाही. थोरल्या भावाची स्प्रिंगवाली जुनी एअर रायफल मिळालीय, नळी खाली वाकवून भरायची, ४.५ मिमी. सोबत पेलेटचे, म्हणजे तिच्यात भरायच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचे डबे. बरेच पावसाळे माळ्यावर काढलेत त्यांनी. काही डब्यांत पिवळट मेणचट थर आहे, बोटाला काळं लागतं, पेलेट एकमेकांना चिकटून येतात. एका डब्यात पांढरी भुकटी धरलीय. धुऊन पुन्हा तेल लावलं तर चालतील का? घरात शिलाई मशीनचं तेल आहे, तेच लावू का?

मिरजेचा टर्नरकाका:
शिलाई मशीनचं तेल आधी बाजूला ठेवा. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन हवा अशी दाबतो की ती क्षणभर भयंकर तापते. पेलेटवर खनिज तेल जास्त असलं की ते तिथंच पेट घेतं. आवाज मोठा येतो, नळीतून धूर, जळका वास. पोरांना मजा वाटते, पण सील आणि स्प्रिंग त्यानंच जातात, आणि नेम तर कुठल्या कुठं.

पांढऱ्या भुकटीचा डबा धुवायच्या भानगडीत पडू नका. ते शिशाचं गंजणं आहे, विषारी. फुंकर मारू नका, झटकू नका. झाकण लावून पिशवीत घट्ट बांधा आणि भंगारवाल्याला शिसं आहे असं सांगून द्या.

राहिले चिकट डबे. कोमट पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन-तीन थेंब. प्लास्टिकचा जुना डबा घ्या, स्वयंपाकातला नको, आणि तो परत स्वयंपाकघरात जाता कामा नये. पेलेट टाकून हळू हिंदकळा. तांदूळ धुतल्यासारखे चोळायचे नाहीत, कारण मागचा घेर कागदासारखा पातळ असतो, बोटाच्या दाबानं वाकडा होतो. पाणी काळपट होईल. बदलत राहा, स्वच्छ येईपर्यंत. मग जुन्या टॉवेलवर पसरून पंख्याखाली पूर्ण वाळवा. गॅसवर, तव्यावर अजिबात नाही.

वाळले की एकेक उजेडात धरून मागून बघा. घेर गोल दिसला तर ठेवा, चेपलेला असला तर बाजूला. हे काम कंटाळवाणं आहे, पण अर्धी कमाई इथंच आहे राव. घेर वाकडा असला तर वरून काहीही लावा, गोळी भरकटणारच.

आणि हो, पोरीला धुवायला बसवू नका. हातमोजे घाला, नंतर साबणानं हात धुवा. धुतलेलं पाणी अळूच्या आळ्यात ओतू नका. गाळ खाली बसू द्या, तो कागदानं टिपून भंगाराच्याच पिशवीत टाका.

विश्रामबागकर:
काका, मनापासून आभार. पेट्रोलनं पटकन निघणार नाही का? आणि धुतल्यावर लावायचं तरी काय?

मिरजेचा टर्नरकाका:
निघतं की, पण घरात पेट्रोलचा खेळ कशाला? साबणानं काम होतंय.

लावायला पेलेटसाठीच मिळणारं ल्युब, म्हणजे वंगण घ्या. डब्यात स्पंजचा तुकडा ठेवायचा, त्यावर दोन थेंब, त्यावर पेलेट हलकेच लोळवायचे. हातात घेतल्यावर ओलं वाटलं तर जास्त झालं, कापडावर टिपून घ्या. उघडं शिसं आपल्याकडच्या दमट हवेत लवकर पांढरं पडतं, म्हणून अगदी कोरडेही ठेवू नका.

वाईची नेमबाज:
काकांच्या सगळ्याला अनुमोदन, फक्त एक भर. धुतले म्हणून नेम सुधारेलच असं नाही. आधी न धुतलेल्या, पण घेर चांगला असलेल्या पेलेटचे दहा शॉट टेकू देऊन १० मीटरवर मारा, मग धुतलेल्यांचे दहा. ल्युब बदललं की पहिले काही शॉट इकडेतिकडे जातात, नळीला सवय व्हायला वेळ लागतो, ते मोजू नका. दोन्ही कागद शेजारी ठेवा. फरक दिसला नाही तर कष्ट वाचवा.

स्पर्धेच्या एअर रायफली आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालतात. तिथं आम्ही चांगल्या कंपनीचा डबा उघडतो आणि तसाच वापरतो, धूत बसत नाही. मुलगी पुढं गेली तर पैसे ताज्या डब्यांवर घाला, आणि एका बॅचचे पेलेट तिच्या रायफलला बसले की त्याच बॅचचे जास्त घेऊन ठेवा.

विश्रामबागकर:
ताई, काका, दोघांचंही पटलं. पांढरा डबा आत्ताच बांधून ठेवला. रविवारी चिकट डब्यांना हात घालतो, पोरगी आजीकडं तासगावला गेलीय तेवढ्यात.