नाव सांगायची सक्ती नाही
"रस्ते अपघातातल्या जखमीला मदत करायला गेलं की पोलिसांचं झंझट मागे लागतं" असं बरेच जण म्हणतात, पूर्वीपुरतं अगदी खरं, पण आता कायदा बदललाय हो. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने मदत करणाऱ्यांसाठीच्या नियमावलीवर शिक्कामोर्तब केलं आणि 2019 च्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. नाव-पत्ता द्यायची सक्ती नाही, दवाखान्यात थांबवून ठेवता येत नाही, स्वतःहून साक्षीदार झालात तरच जबाब, तोही शक्यतो एकदाच.

अर्थात खाली हे कितपत झिरपलंय तो वेगळाच विषय! मागे सिन्नरच्या अलीकडे एक बाईकवाला घसरला होता, एका टेम्पोवाल्याने स्वतःचा गमछा त्याच्या मांडीवर घट्ट दाबून धरला, मी 108 ला फोन लावला. दवाखान्यात काउंटरवरच्या माणसाने आधी आमचाच मोबाईल नंबर मागितला, टेम्पोवाला लगेच दोन पावलं मागे. मी नियम सांगितल्यावर त्याने पेन खाली ठेवलं. गंमत म्हणजे या हक्कांचा बोर्ड दवाखान्याने दर्शनी भागात लावायचा असतो, तिथे होता फक्त पार्किंगचा.

आणि जखमीला उठवून पाणी पाजायची घाई तेवढी करू नका, तिथेही चौघे बाटल्या घेऊन तयारच होते.